तीन मिनिटांत शंभर फेऱ्या

"चावी दे ना रे भाऊ," मामी म्हणाली.

माझ्यासमोरचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र विजेवर चालणारं. त्याला चावी नव्हती आणि चावी घालायला भोकही नव्हतं. गाणं लागून जेमतेम अर्धा मिनिट झाला असेल. तीन दिवस खपून मी ते मांडलं होतं. मामाच्या ट्रंकेतली एक एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, धुऊन, वाळवून त्यावर चढवली होती आणि सुई टेकताच आवाज आला तेव्हा मला भरून आलं होतं. आवाज स्वच्छ होता. थोडी खरखर होती, पण बेताची. मामी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती.

"मामी, हे लाइटवर चालतं. याला चावी नसते."

"मंग हाऊ तिना आवाज नही शे," म्हणजे हा त्या गाणारीचा आवाजच नाही, एवढंच बोलून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

चावीचा अर्थ मला कळला होता. मामा लाउडस्पीकरवाला. अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं गाव, आणि आजूबाजूच्या दहाबारा गावांत लग्न असलं की मामाची बैलगाडी जायची. गाडीत बॅटऱ्या, अँप्लिफायर, दोन भोंगे, रेकॉर्डची पेटी. वीज पोचली नव्हती अशी गावं तेव्हा पुष्कळ होती, म्हणून गाणी वाजायची ती चावीच्या यंत्रावर. हँडल फिरवून आतली स्प्रिंग गुंडाळायची आणि ती उलगडत जाईल तशी तबकडी फिरायची. स्प्रिंग संपत आली की गाणं जड व्हायचं, बाईचा आवाज पुरुषी होत जायचा, शेवटी नुसतं हुंकारल्यासारखं यायचं. गावातच लग्न असलं की भोंगा मारुतीच्या पारावरच्या निंबावर बांधलेला असे. मामी घरी पीठ मळताना आवाजाचा उतार ऐकायची आणि आम्हा पोरांतल्या एकाला पिटाळायची: जा, मामाला सांग, चावी दे म्हणावं. मांडवातल्या कुणाच्या लक्षात यायच्या आत तिच्या लक्षात आलेलं असायचं. मामा गप्पांत रंगलेला असे. पोरगं धापा टाकत पोचेस्तोवर गाणं बसलेलं असे.

पुढे गावात वीज आली, मामानेही विजेचं यंत्र घेतलं, नंतर कॅसेटी आल्या आणि तबकड्या ट्रंकेत गेल्या. मामा जाऊन अकरा वर्षं झाली. ट्रंक पत्र्याच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी पडून होती. मामेभावाने अमेरिकेतलं घर आवरून सामान जहाजाने पाठवलं. त्यात हे टर्नटेबल निघालं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नव्हती, म्हणून जळगावला माझ्याकडे आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामी आमच्याकडे येणार होती. मी आधीच जाऊन ट्रंक उचलून आणली.

मांडणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती मन लावून केली होती आणि तिच्यात काही चुकलं असेल हे मला मान्यच होत नव्हतं.

पहिली गोष्ट बैठकीची. लाकडी टेबलावर यंत्र ठेवून शेजारून चाललं की सुई थरथरते. म्हणून किचनच्या ओट्यातून उरलेला कडप्पा भिंतीतल्या कोनाड्यात बसवला आणि गवंड्याकडची स्पिरिट लेव्हल उभी-आडवी ठेवून यंत्राचे पाय वरखाली केले. तबकडी ज्यावर फिरते ते तबक एका बाजूला कललेलं असलं तर सुई जिच्या टोकाला असते ती आर्म आपल्या वजनाने तिकडे ओढली जाते आणि सुई खाचेच्या एकाच भिंतीला घासत राहते. तबकडीच्या खाचेला दोन भिंती असतात, एकीत डावा आवाज, दुसरीत उजवा. दोघींवर सारखा भार पडायला हवा.

मग वजन. आर्मच्या मागच्या टोकाला फिरवायचं वजन असतं. ते पुढेमागे करून आधी आर्म तराजूच्या दांडीसारखी अधांतरी तोलायची, तिथे शून्य धरायचं आणि मग सुई बनवणाऱ्याने सांगितलेला भार द्यायचा. माझ्या सुईला दोन ग्रॅम. यंत्रावरच्या आकड्यांवर माझा भरवसा नव्हता. जळगावात सोन्याचा काटा मिळवणं अवघड नाही. सराफ बाजारातल्या ओळखीच्या कारागिराने सुट्टीच्या दिवसापुरता आपला छोटा काटा दिला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. सुई पारड्याजवळ नेली तर ती टेकायच्या आधीच आकडे नाचायला लागले. सुईमागच्या डबीत चुंबक असतं आणि पारडं पोलादी. मग पारड्यावर प्लास्टिकचा उंच ठोकळा ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि ठोकळ्यावर सुई टेकवून २.०० मिळवले. भार कमी ठेवला तर तबकडी कमी झिजते अशी समजूत आहे आणि ती चुकीची आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते, आणि उडी मारून परत आदळणारी सुई जड सुईपेक्षा जास्त नासधूस करते.

त्यानंतर कोन. तबकडी कापताना कापणारं हत्यार कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपली आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरते, तिची वाट कमानीची. त्यामुळे सगळ्या फेऱ्यांवर सुई खाचेला बरोबर समांतर राहणं शक्यच नसतं. चांगलं बसवलं तर दोनच ठिकाणी जमतं. प्रचलित मांडणीत ती ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. हे बघायला कागदी मापपट्टी मिळते. झेरॉक्सच्या दुकानात ती छापायला दिली तर मुलाने सवयीने पानात मावेल अशी छोटी करून दिली. घरी येऊन स्टीलच्या पट्टीने मोजलं, तर ६६ चे ६४ झालेले. परत गेलो. दोन मिलिमीटरसाठी एवढ्या उन्हात परत आलात म्हणून तो चकित झाला. त्या दोन मिलिमीटरमध्ये तबकडीच्या शेवटच्या गाण्यातला प्रत्येक 'स' फाटतो, हे मी त्याला सांगितलं. शेवटच्या गाण्याला याचा फटका जास्त बसतो, कारण आत आत जाताना फेरी लहान होते आणि तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो.

सुईतून येणारा विजेचा दाब अगदी क्षीण, तीन-चार मिलिव्होल्टचा. त्यात तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या लाटा शेजारच्या खाचेत घुसल्या असत्या. हे उलटं करून आवाज पूर्ववत करणारा डबा लागतो, फोनो प्रीअँप. १९५४ पासून उचलण्या-दाबण्याचं प्रमाण ठरलेलं आहे. यंत्राची अर्थची बारीक तार या डब्याच्या स्क्रूला लावली की गुणगुण थांबते. हे सगळं मी केलं होतं.

यंत्र अमेरिकेचं, ११० व्होल्टचं. म्हणून २२० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. आणि वेग तपासायला यंत्रासोबत आलेली पुठ्ठ्याची तबकडी वापरली. तिच्या कडेला काळ्या रेघा असतात. विजेवरचा निऑनचा दिवा दर सेकंदाला अनेकदा विझतो-पेटतो, डोळ्याला कळत नाही एवढंच. त्या उजेडात फिरणाऱ्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. मी खिडक्या लावल्या, निऑनचा दिवा जवळ धरला. रेघा भिंतीवर काढल्यासारख्या स्थिर. हे मामीला दाखवायला मी तिला स्वयंपाकघरातून बोलावलं. तिने रेघा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत गेली. मी मनात म्हटलं, वय झालं, कान गेले. हा विचार आला होता, म्हणून लिहितो आहे.

संध्याकाळी ती कळण्याच्या भाकरी थापत होती. मी तीच बाजू पुन्हा लावली. बाजूचं पहिलं गाणं संपलं तेव्हा ती आतूनच बोलली. तिच्या सांगण्याचा अर्थ असा, की या गाण्याला तिच्या दोन भाकरी होत. पहिली थापून, भाजून, चुलीला फुगवून, दुसरी तव्यावरून उतरली की गाणं संपे. किती वर्षं ऐकलं! आज तिसरी तव्यावर आहे.

आवाज जड आहे म्हटल्यावर मी वाद घातला असता. भाकऱ्यांशी वाद घालता येईना. मोजायची तर घड्याळाने मोजू, असं ठरवलं. एलपीचा वेग मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. तबकाच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि दर फेरीला बोट टेकवत मोजत बसलो.

त्र्याऐंशी. आणि वर थोडीशी.

पुन्हा मोजलं. पुन्हा त्र्याऐंशी.

सहावा हिस्सा कमी. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंदांचं झालं होतं. मामीच्या तव्यावर तिसरी भाकरी पडणारच.

रात्री झोप लागली नाही. सहावा हिस्सा हे काही यंत्र थकल्याचं माप नव्हे. थकलेलं यंत्र असा नेमका अपूर्णांक धरत नाही. पहाटे उठून मी दिव्याखाली त्या पुठ्ठ्याच्या तबकडीवरच्या रेघा टाचणीने एकेक करून मोजल्या. दोनशे सोळा. आपल्या विजेचे झोके सेकंदाला पन्नास, त्यावरचा निऑन दिवा दर झोक्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभरदा पेटतो, मिनिटाला सहा हजार वेळा. सहा हजाराला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांशने भागलं तर एकशे ऐंशी येतात. आपल्याकडच्या तबकडीवर एकशे ऐंशी रेघा हव्यात. दोनशे सोळा अमेरिकेच्या, कारण तिथली वीज सेकंदाला साठ झोक्यांची.

मग सगळं उलगडलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, झोक्यांना हात लावत नाही. यंत्राची मोटर विजेच्या झोक्यांशी बांधलेली होती, साठच्या ऐवजी पन्नास मिळाले की ती त्याच प्रमाणात मंद फिरणार. आणि दिवाही त्याच विजेवर मंद पेटणार. मोटर आणि दिवा, दोन्ही साक्षीदार एकाच घरचे. दोघांनी एकच खोटी साक्ष दिली आणि मी ती लेखी घेतली. यंत्र अगदी निर्दोष होतं. फक्त परमुलखाच्या वेळेवर चालत होतं.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. आमच्या भजनी मंडळाची पेटी घरात असते. गाणं ज्या सुरावर उभं होतं तो मी पेटीवर शोधून ठेवला होता. पुढे दुरुस्ती झाल्यावर पुन्हा शोधला, तर तो तीन पट्ट्या वर निघाला. साठ आणि पन्नास, म्हणजे सहास पाच. षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलं नातं हेच आहे. गाणारीचा षड्ज एवढा खाली उतरला होता, की तिचा मूळ षड्ज आता कोमल गंधाराच्या जागी आला असता. म्हणजे चुकीचा सूरसुद्धा सुरातच चुकला होता. म्हणून तर मला तो बेसूर वाटला नाही. गाणं आतल्या आत तंतोतंत सुरेल होतं. फक्त ती बाई ती नव्हती.

मोटर बदलायची गरज नव्हती. मोटरच्या दांड्यावर पितळेची छोटी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा आतल्या तबकाला फिरवतो. पिठाच्या गिरणीत, मळणी यंत्रात सगळ्यांना माहीत आहे: चालवणारी पुली मोठी केली की फिरणारी वस्तू वेगाने फिरते. मोटर मंद झाली तर पुली मोठी करायची. एमआयडीसीत सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांच्या पुल्या कातणारे एक लेथवाले काका आहेत. व्हर्नियरने जुनी पुली मोजली होती, व्यास १६.१ मिलिमीटर. त्याला सहा-पंचमांशाने गुणून १९.३२ अशी चिठ्ठी त्यांना दिली. त्यांनी पितळेचा तुकडा लावला आणि अर्ध्या तासात हातात पुली दिली. एवढी छोटी पुली आयुष्यात पहिल्यांदा केली म्हणाले.

घरी आलो, बसवली, आणि या वेळी एकशे ऐंशी रेघांची तबकडी स्वतः काढून, योग्य मापात छापून ठेवली होती. रेघा मागे सरकत होत्या. हळू, सेकंदाला अर्ध्या रेघेहून जरा जास्त. म्हणजे शंभरात अर्ध्याहून जरा जास्त चूक. मामी म्हणाली, आता तीच आहे, पण दमलेली आहे.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी पाहिली, पुली बोटांत फिरवली आणि एकच विचारलं, "पट्ट्याची जाडी धरली होती का तुम्ही?"

नव्हती धरली. पट्टा पुलीवर गुंडाळला की खरी पुली पितळेच्या कडेवर संपत नाही, पट्ट्याच्या निम्म्या जाडीवर संपते. पट्टा ०.६ मिलिमीटरचा. म्हणजे १६.१ मध्ये दोन्ही बाजूंचे मिळून ०.६ मिळवायचे, १६.७ ला सहा-पंचमांशाने गुणायचं, २०.०४, मग ०.६ वजा. १९.४४. फरक एका मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. जिनिंगच्या पुल्यांना हे गणित नको असतं, तिथे पुली फूट-दीड फुटाची आणि वेग थोडा इकडेतिकडे झाला तर कपाशी तक्रार करत नाही. तरी काकांना ते माहीत होतं. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डसाठी पुलीवर असलेली वरची दुसरी, मोठी पायरीही त्यांनी नव्याने कातली. आणि दोन्ही पायऱ्यांना मधोमध नखाएवढाही नाही असा फुगवटा ठेवला. सपाट पट्टा नेहमी पुलीच्या उंच भागाकडे चढतो, त्यामुळे फुगवट्यावर तो आपोआप मध्ये येऊन बसतो, घसरून पडत नाही. जुन्या पुलीवर हा फुगवटा होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. पैसे घेताना त्यांनी पहिल्या पुलीचे घेतले नाहीत. चूक माझी होती, मी आग्रह केला, त्यांनी ऐकलं नाही.

या वेळी रेघा थांबल्या. पण रेघांवर आता माझा विश्वास नव्हता. कपटा चिकटवला, तीन मिनिटं लावली. शंभर.

भुसावळला जाताना दीपनगरच्या चिमण्या मी शेकडो वेळा पाहिल्या असतील. औष्णिक केंद्र म्हणजे कोळसा, राख, धूर एवढंच डोक्यात यायचं. आता दिसतात तेव्हा वेगळं आठवतं. तिथलं टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतं, सेकंदाला पन्नास. देशातली सगळी जनित्रं एकाच जाळ्यात, एकाच लयीत बांधलेली असतात. त्यातलं कुणी एकटं पुढे पळू शकत नाही. आणि माझ्या घरातली मोटर त्याच लयीवर चालते. दीपनगरच्या त्या अजस्र लोखंडी दांड्याच्या नव्वद फेऱ्या झाल्या की माझ्या कडप्प्यावरच्या तबकडीची एक पूर्ण होते. नव्वदला एक. मी हे मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग चावी दीपनगरले शे." तिचं खरंच आहे. पूर्वी टंचाईच्या दिवसांत देशाची वीज पन्नासवरून एकोणपन्नासच्या खाली घसरायची. साडेअठ्ठेचाळीसपर्यंत गेली, तर अशा यंत्रावरचं प्रत्येक गाणं पेटीच्या अर्ध्या पट्टीने उतरलं असतं आणि विजेवरच्या रेघा तेव्हाही स्थिर दिसल्या असत्या. आता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा दंडक आहे. तेवढी चूक मामीलाही ऐकू येत नाही. इन्व्हर्टरवर मात्र मी हे यंत्र लावत नाही. त्याचे पन्नास त्याच्या मनाचे.

तबकड्यांचं काम अजून चालू आहे. ट्रंकेत एकशे चाळीसच्या वर निघाल्या. त्यातल्या निम्म्या जुन्या ७८ च्या. त्या लाखेच्या, म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्यांनी केलेल्या लाखेपासून बनलेल्या. एलपी निघाली १९४८ साली, ४५ ची रेकॉर्ड त्याच्या पुढच्या वर्षी, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिल्या. त्यांच्या खाचा रुंद, त्यांना जाड सुई लागते, तिसरा वेगही लागतो. माझ्या यंत्रावर त्या वाजणार नाहीत. त्या मी फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडून नव्या कागदी पाकिटांत उभ्या ठेवल्या. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. मामाने पोलादी पिना वापरल्या, त्या दर बाजूला बदलायच्या असतात. मामा एका पिनेवर अख्खं लग्न काढायचा. तबकड्यांवर ते दिसतं. खाचा करड्या पडल्या आहेत.

उरलेल्या विनाइलच्या. त्यांच्यावर काळ्या मातीची धूळ बसलेली, शिवाय जिनिंगच्या हंगामात उडणारी रुई. कोरड्या फडक्याने पुसलं तर ही माती खाचेत पॉलिश पेपरसारखी फिरते. म्हणून आधी मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाचा एखादाच थेंब, खाचेच्या दिशेने गोल गोल, लेबलवर पाणी न जाऊ देता. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. आमचं बोअरचं पाणी जड आहे, ते वाळलं की खाचेत पांढरा क्षार बसतो. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत घालायचं पाणी, ते मोटारीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. सुई झाडायची ती मागून पुढे, कधीही पुढून मागे नाही. सुईचे तास मी वहीत लिहितो. अशी सुई हजार तासांच्या आतच बदललेली बरी.

उन्हाचं मात्र मला महागात पडलं. खान्देशातला मे, पारा पंचेचाळीसच्या पुढे. पत्र्याखाली आडव्या रचलेल्या तबकड्यांपैकी काही पापडासारख्या वाकल्या होत्या. दोन काचांमध्ये दाबून गच्चीवर ठेवली की उन्हाने सपाट होते, असं ऐकलं होतं. एक ठेवली. विनाइल साठ-सत्तर अंशाला मऊ पडतं, आणि काचांमध्ये अडकलेलं ऊन कुठे थांबायचं ते विचारत नाही. संध्याकाळी तबकडी अगदी सपाट निघाली. लावली तर गाणं उकळत असल्यासारखं आलं. खाचाच बसल्या होत्या. मामाच्या हाताची तबकडी मी मारली. तेव्हापासून बाकीच्या वाकलेल्या तशाच ठेवल्या आहेत, उत्तरेकडच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, उभ्या, एकमेकींना टेकून पण दाबून नाही. कमी वाकलेल्या वाजतात. जास्त वाकलेल्या थांबतील.

प्रत्येक लेबलवर तैलरंगाचा एक ठिपका आहे. मामाला लेबलवरचं इंग्रजी वाचता येत नसे. पिवळा ठिपका हळदीला, लाल लग्नाच्या वेळेला, हिरवा पंगतीला, पांढरा पाठवणीला. मी वाळलेल्या तबकड्या मामीच्या पुढ्यात ठेवत होतो आणि ती ठिपक्यांप्रमाणे ढीग लावत होती. पांढरे ठिपके मोजकेच, सगळे ४५ चे. ते तिने बाजूला सारले. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझी लेकही नाशिकहून आली होती. अशात पांढरा ठिपका कोण लावणार. लेक असेपर्यंत आम्ही पिवळे आणि हिरवेच लावले. हिरव्या ठिपक्याच्या एका गाण्यावर मामी लेकीला हाताला धरून सगळी पंगत कशी वाढायची ते सांगत होती.

लेक निघाली त्या सकाळी मामीने न विचारताच पांढऱ्या ढिगातली वरची तबकडी काढली आणि माझ्या हातात दिली. सगळ्यांत झिजलेली तीच होती. दर लग्नात वाजलेली. मी पट्टा पुलीच्या वरच्या पायरीवर चढवला, ब्रश फिरवला, सुई टेकवली. सुरुवातीला नुसती खरखर, तव्यावर मीठ तडतडावं तशी. मग आवाज आला. मामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने डोळे मिटले नाहीत आणि कपाळावर आठी नव्हती.

बाहेर रिक्षा आली. लेकीने बॅग उचलली आणि उंबऱ्यात थांबली. रिक्षावाल्याने आत पाहिलं आणि इंजिन बंद केलं. गाणं तीन मिनिटांचं होतं.